अर्धा उपचार घरी

कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले खापा हे सावनेर तालुक्यातील जुने गाव. दीडशे वर्षांहून अधिक वयाची नगरपालिका, हातमागाच्या कापडामुळे एके काळी मिळालेला लौकिक, पंचक्रोशीतील मँगनीजच्या खाणी आणि उत्तरेला छिंदवाड्याकडे चढत जाणारा सातपुड्याचा मुलूख, अशी या गावाची ओळख सांगता येईल. नागपूर येथून अवघे ३५ किलोमीटर. परंतु ‘अवघे’ हा शब्द नकाशा पाहणाऱ्याचा आहे. ज्या घरात रात्री अकरा वाजता तीन वर्षांचे मूल तापाने फणफणले आहे, त्याचे डोळे पिवळट दिसत आहेत आणि पोट डाव्या बाजूला टणक लागते आहे, त्या घराला हे अंतर फार मोठे असते. शेवटची एसटी निघून गेलेली असते. वडील रात्रपाळीला गेलेले असतात. ‘सकाळी पाहू, उतरेल ताप’ असे म्हणणारे वडीलधारे घरात असतातच. अशा वेळी हा ताप नेहमीचा नव्हे, आत्ताच निघाले पाहिजे, हा निर्णय कोण घेणार? तो बहुधा त्या मुलाच्या आईलाच घ्यावा लागतो. प्रश्न असा, की तो घ्यायला तिला कोणी शिकविले आहे काय?

हे सांगण्याचे कारण म्हणजे विदर्भाच्या मातीत पिढ्यान् पिढ्या मुरलेला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. माणसाच्या तांबड्या रक्तपेशी गोल आणि लवचीक असतात. केसाहून बारीक वाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. या आजारात रक्तद्रव्याच्या घडणीत एक लहानसा फरक असतो. प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी घटले, ताप आला किंवा गारठा लागला, की पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी वाहिनीत अडकतात आणि पुढचा अवयव रक्तावाचून तळमळू लागतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटून जाते. म्हणून अशी मुले कायम फिकट, डोळे पिवळट आणि वेदनेचा झटका आला म्हणजे गडाबडा लोळणारी. ज्याने ती वेदना पाहिली आहे, तो ‘अंग दुखते’ हे शब्द पुन्हा सहजपणे उच्चारू शकत नाही.

अमेरिकेतील शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील जमातींमध्ये त्या आढळल्या. आणि नागपूरचे नाव या इतिहासात फार उशिरा आलेले नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी केलेले संशोधन १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले होते. म्हणजे पासष्टहून अधिक वर्षे हा आजार आपल्या दारात आहे, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभर पायपीट करून कोणत्या समाजात किती वाहक आहेत, याची मोजदाद केली. भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान अशा काही समूहांत हे प्रमाण शंभरात वीसच्या पुढे गेल्याचे त्यांनी दाखवून दिले. २०१९ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. विदर्भात मात्र हा केवळ वनवासी बांधवांचा आजार नाही. अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे. त्यामुळे खाप्यासारख्या कष्टकऱ्यांच्या गावात ‘हा आमच्यात नसतो’ असे छातीठोकपणे म्हणण्यात अर्थ नाही. रक्त तपासल्यावाचून ते कोणालाच सांगता येत नाही.

या आजाराने जन्मलेले बालक पहिले काही महिने गुटगुटीत दिसते. आईच्या पोटात असताना तयार झालेले रक्तद्रव्य त्याचे रक्षण करीत असते. साधारण सहा महिन्यांनंतर ते संरक्षण ओसरू लागते. मग एके दिवशी बाळाच्या हाताची बोटे किंवा पावले सुजतात आणि ते हात लावू देत नाही. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते झोळीतून पडले असेल, कोणी म्हणते विंचू-काटा असेल, कोणी दृष्ट काढते. पुढे फिकटपणासाठी रक्तवाढीच्या बाटल्या सुरू होतात. पिवळ्या डोळ्यांसाठी काविळीचे औषध देणारा गाठला जातो. वास्तविक या मुलांत रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाल्यावाचून लोहाचे औषध देत राहणे योग्य नव्हे. या भटकंतीत एक-दोन वर्षे सहज निघून जातात आणि नेमकी तीच वर्षे सर्वांत धोक्याची असतात.

या टप्प्यावर विशेष उपचार देणारे रुग्णालय गाठता आले, तर चित्र पालटते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘मेडिकल’मधील बालरोग विभागाने या क्षेत्रात केलेले काम विदर्भाने अभिमानाने सांगावे असे आहे. भारतातील सिकलसेल आफ्रिकी वंशीयांपेक्षा सौम्य असतो, असा एक समज वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी वॉर्डात दाखल होणारी मुले पाहिली आणि हा समज येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे निरीक्षणांसह मांडले. त्याच विभागातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कमी मात्रा, दर किलो वजनामागे दररोज १० मिलिग्रॅम, तीव्र आजार असलेल्या बालकांना देऊन पाहिली. वेदनेचे झटके, रक्त चढविण्याची गरज आणि रुग्णालयातील दिवस, हे सारे तिने घटले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध तुलनेने स्वस्त, गोळ्या तोंडाने घेण्याच्या आणि मात्रा लहान, ही गरीब घराच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे! पाचव्या वर्षापर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग बहुतांशी टळतो, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९८६ मध्येच सिद्ध केले होते. त्या अभ्यासात संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले आणि उरलेल्या मुलांना औषधापासून वंचित ठेवणे अन्यायाचे ठरेल, म्हणून तो नियोजित मुदतीआधीच थांबविण्यात आला. लसीकरण, फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने तपासण्या, अशी ही उपचारांची साखळी आहे.

पण या साखळीतील बहुतेक कड्या रुग्णालयात नसून घरात आहेत. पेनिसिलिनची गोळी सकाळ-संध्याकाळ द्यायची आहे ती आईने. हायड्रॉक्सियुरिया रोज, न चुकता, मूल बरे दिसत असतानाही द्यायचे आहे. ‘आता दुखत नाही, मग औषध कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळ नसेल, तर सर्वोत्तम डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठीही कपाटातच पडून राहते. शिवाय या औषधावर असलेल्या मुलाचे रक्त मधून मधून तपासावे लागते. त्या तपासणीचा दिवस लक्षात ठेवायचा तोही घरानेच.

याबाबतीत जमैका या छोट्याशा बेटाची हकीकत प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे. डॉ. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहरातील व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात १९७३ पासून जन्मणाऱ्या मुलांचे रक्त तपासण्यास प्रारंभ केला. एक लक्ष बाळंतपणे त्यांनी तपासली आणि त्यांतून निघालेल्या सिकलसेलच्या बालकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या लक्षात आले, की अनेक बालके एका विशिष्ट प्रकाराने दगावतात. पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेली प्लीहा, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेतील पानथरी, अचानक फुगते आणि अंगातले रक्त तिच्यातच साचून बसते. काही तासांत मूल पांढरे पडते. रुग्णालयात आणेपर्यंत खेळ संपलेला असतो. यावर त्यांनी कोणते महागडे यंत्र आणले? कोणतेही नाही. त्यांनी आयांना पानथरी चाचपायला शिकविले. रोज मुलाला आंघोळ घालताना किंवा निजवताना बरगडीखाली हलकेच बोटे ठेवायची, नेहमीपेक्षा मोठी लागली आणि मूल फिकट दिसले, की तडक रुग्णालय गाठायचे, बस्स.

त्याचा परिणाम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवणीपूर्वी अशा शंभर प्रसंगांत २९ हून अधिक बालके मृत्यू पावत होती. शिकवणीनंतर हे प्रमाण ३ वर आले. गमतीची गोष्ट अशी, की प्रसंगांची नोंदली जाणारी संख्या मात्र दुपटीहून अधिक वाढली. आजार वाढला नव्हता. पूर्वी जे घरातच घडून जात असे, ते आता आयांच्या बोटांना कळू लागले होते. त्या आया काही वैद्यकशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. खाप्यातील विणकराच्या किंवा खाण कामगाराच्या घरातील आई याहून कमी हुशार आहे, असे मानण्याचे काय कारण?

याच्या उलट अनुभव आपल्याच विदर्भात आलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केले, तेव्हा प्रारंभीच्या काळात त्यांनी तेथे सिकलसेल शोधून काढला. शास्त्रीय दृष्टीने ते मोठे यश होते. शासनानेही दखल घेतली. पण तपासणी-उपचारासाठी लोक फारसे पुढे आले नाहीत. लोकांना तो आपला प्रश्न वाटतच नव्हता. ‘डॉक्टर चांगले आहेत, रक्त मागतात तर देऊ या’ एवढ्याच भावनेने त्यांनी रक्त दिले होते. बंग दांपत्याने ही गोष्ट स्वतःहून, प्रांजळपणे सांगितली आहे आणि पुढे लोकांच्या मनातील प्रश्नांपासून सुरुवात करण्याचा मार्ग धरला. रक्ताचा अहवाल हातात देणे म्हणजे ज्ञान देणे नव्हे, हा त्यातील बोध तपासणीची उद्दिष्टे आकड्यांत मोजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवा.

मग कुटुंबाला शिकवायचे म्हणजे नेमके काय? व्याख्यान नव्हे, आणि गुळगुळीत कागदावरची पत्रिका तर नव्हेच. खाप्याच्या घराला उपयोगी पडेल असे शिकवायचे, तर कन्हानपासूनच प्रारंभ करावा लागेल. गार पाण्यात डुंबणे हे या मुलाला वेदनेचे निमंत्रण ठरू शकते. तेव्हा थंडीच्या दिवसांत सोबत्यांबरोबर नदीवर जाऊ द्यायचे नाही, गेलाच तर अंग लगेच कोरडे करून उबदार कपडे घालायचे. नागपूर जिल्ह्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. त्या उन्हात अंगातले पाणी झपाट्याने घटते, म्हणून मुलाच्या हातात पाण्याचा तांब्या-बाटली कायम हवी. या मुलांचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे ती वरचेवर जातात आणि मोठी झाली तरी अंथरूण ओले करतात. ‘एवढा घोडा झाला तरी लाज नाही’ म्हणून त्यांना मारणाऱ्या घराला हा दोष मुलाचा नसून आजाराचा आहे, हे कोणी तरी सांगायला नको काय? ताप १०१ अंशांवर गेला, श्वास लागला, छातीत दुखू लागले, एक हात-पाय लुळा वाटला किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री कोणाची गाडी मिळेल, पैसे कोठे ठेवले आहेत, औषधांचा कागद कोणत्या डब्यात आहे, हे आजच ठरवून ठेवायचे. आणि हे सारे एकट्या आईला सांगून भागत नाही. पैशाचा आणि गाडीचा निर्णय वडील व आजी-आजोबा घेतात. शिकवणीच्या वेळी तेही समोर बसलेले असले पाहिजेत.

बाह्यरुग्ण विभागात खच्चून भरलेल्या रांगेसमोर बसलेल्या डॉक्टरकडून हे सारे होणार नाही. त्याच्या वाट्याला एका रुग्णामागे काही मिनिटे येतात. त्यासाठी समुपदेशक हवा, तो वऱ्हाडी-नागपुरी बोलीत आणि गरज पडेल तेथे गोंडीत बोलणारा हवा, आणि मुख्य म्हणजे तो टिकणारा हवा. मोठ्या रुग्णालयांत इमारत आणि यंत्रे यांना निधी मिळतो. शिकविणाऱ्या माणसाचे पद मात्र चैनीचे समजले जाते. ही आरोग्यव्यवस्थेतील जुनी खोड आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य ऐकणाऱ्या अनेकांचा समज असा होतो, की पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगी. वास्तविक निसर्ग मागचा हिशेब लक्षात ठेवीत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. दुसरा गैरसमज अधिक क्रूर आहे. दोष सुनेच्या रक्तात होता, असे ठरवून तिला माहेरी पाठविणे. मुलाला आजार होण्यासाठी आईइतकाच बापाचाही वाटा लागतो, हे शास्त्र पाटीवर दोन रेघा ओढून पाचवी शिकलेल्या माणसालाही समजावता येते. पण ते समजावलेच जात नाही. मग वाहक असल्याचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते, मुलीचे लग्न जमेपर्यंत त्याचा उच्चार होत नाही, आणि दोन वाहकांचे लग्न मंगलाष्टकांच्या गजरात पार पडते.

ग्रह-गोत्र-नाडी बारकाईने पाहणाऱ्या समाजाने लग्नाआधी रक्ताची एक साधी चाचणी पाहू नये, हे आश्चर्य आहे. वाहक हा रुग्ण नसतो. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो. त्याने कोणाशी लग्न करावे याला एवढीच मर्यादा, की समोरची व्यक्तीही वाहक असेल तर दोघांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेऊन समजून-उमजून पुढे जावे. आणि यात लाज कसली? हिवतापाच्या मुलखात वाहकांना त्या तापाच्या प्राणघातक रूपापासून संरक्षण मिळते, हे डॉ. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले. सातपुड्याच्या रानात ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके हिवतापाशी झुंज दिली, त्यांच्या रक्ताने धारण केलेले हे चिलखत आहे. चिलखताची दुसरी बाजू त्यांच्या नातवंडांना बोचते, एवढेच. त्यात कुळाचा कमीपणा नाही आणि जातीचा तर नाहीच नाही. ‘हा त्यांच्या लोकांचा आजार’ असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यांनी समरसतेच्या गोष्टी न बोललेल्या बऱ्या.

या आजाराची झळ ज्यांनी स्वतःच्या घरात सोसली, त्यांनी मात्र तोंड लपविले नाही. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्ण-पालकांना एकत्र आणले, मंत्रालयाचे उंबरठे झिजविले आणि हा विषय शासनाच्या कागदावर आणला. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, ती एका पालकाच्या चिकाटीला मिळाली. याच चळवळींच्या रेट्यामुळे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. परंतु या कायद्यान्वये प्रमाणपत्र मिळू शकते, परीक्षेत सवलत मागता येते, हे खेड्यातील किती घरांना ठाऊक आहे?

१ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. एखाद्या केंद्र शासनाने या उपेक्षित आजाराला राष्ट्रीय प्रश्नाचा दर्जा द्यावा, ही स्वागतार्हच गोष्ट होय. मात्र मोहिमेचा रोख मुख्यतः जनजातीबहुल भागांवर आहे. विदर्भातील मिश्र वस्तीच्या गावांत तिने कोणतेही घर वगळता कामा नये. दुसरे असे, की तपासणीचा आकडा गाठणे सोपे. कार्ड मिळाल्यानंतर त्या घराशी बोलणे कठीण. अमेरिका आणि ब्रिटनने २०२३ च्या अखेरीस या आजारावरील जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारतीय प्रयोगशाळाही या दिशेने झटत आहेत आणि एक दिवस तो उपचार आपल्या मुलांपर्यंत पोहोचेलही. परंतु आज ज्या बालकाचे वय तीन वर्षे आहे, त्याला तो दिवस पाहण्यासाठी आधी या पावसाळ्यातून आणि पुढच्या हिवाळ्यातून तगून जायचे आहे.

येथे सेवावस्त्यांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि सुस्थित कुटुंबांना करण्याजोगे पुष्कळ आहे. रक्तदान शिबिरे जयंत्या-पुण्यतिथ्यांना होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढ्या रित्या असतात तेव्हा एखादे शिबिर घ्यावे. महिन्याच्या तपासणीला एखाद्या आईला सोबत करावी. ‘मेडिकल’च्या आवारात कोणती खिडकी कोठे आहे, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला एकट्याने उमगत नाही. रात्री गाडी काढू शकणाऱ्या चार घरांचे दूरध्वनी क्रमांक वस्तीत देऊन ठेवावेत. विवाह मंडळांनी नावनोंदणीच्या अर्जात रक्त तपासणीचा एक रकाना छापावा, आणि त्याचा उपयोग कोणाला नाकारण्यासाठी होणार नाही, याची जबाबदारी मंडळाच्या ज्येष्ठांनी घ्यावी.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. विदर्भातील शाळा त्यानंतर काही दिवसांतच उघडतात. खाप्यातील एखाद्या शाळेत पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी पालकांशी बोलून हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर अशा मुलांची नोंद स्वतःपुरती करून ठेवावी; वर्गात ती वाचून दाखवू नये. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला जाण्याची परवानगी दोनदा मागायला लावू नये, उन्हात उभे करण्याची किंवा मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा देऊ नये. पावसात भिजून आल्यास अंग पुसायला टॉवेल शाळेत असावा. आणि मूल ‘पाय दुखतात’ म्हणाले, तर तो गृहपाठ टाळण्याचा बहाणा आहे असे धरून न चालता घरी निरोप धाडावा.